पाथरवटाने न पाहिलेला सिंह

शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. तुम्ही आजच्या अंबरनाथजवळ वालधुनी नदीच्या काठावर उभे आहात आणि सगळ्यात आधी नजरेत भरतं ते पाणी. तळाचे गोटे दिसतात. दोन बाया घागरी भरताहेत, पलीकडे म्हशी डुंबताहेत. दूरवर ज्याला पुढे मलंगगड म्हणतील तो सुळका उभा आहे, आणि बदलापूरच्या अंगाला नुसतं रान. ना रेल्वेचा भोंगा, ना एमआयडीसीचा वास. ऐकू येते ती एकच गोष्ट: टाक्यांचा आवाज. एकाच वेळी इतक्या टाक्या चालू आहेत की तो आवाज पावसासारखा सलग वाटतो.

आवाजाच्या दिशेने चालू लागा. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारणार नाही. गावोगावची माणसं इथे कामाला आली आहेत, त्यात एक अनोळखी चेहरा खपून जातो. वाटेत शेताच्या बांधावर एक उभा दगड लागेल. त्यावर वर चंद्र-सूर्य आणि खाली एक गाढव. गाढवासोबत जे कोरलंय ते बघून तुम्ही पटकन नजर वळवाल. हा गधेगळ. जमीन दान दिलेली आहे, ती जो हिरावून घेईल त्याच्या घरच्या बाईवर गाढवाकडून असा प्रसंग येईल, अशी ही राजाची शिवी आहे. शिलाहार राजांच्या राज्यात असे दगड बांधाबांधावर आहेत. अलिबागजवळच्या आक्षीचा, शके ९३४ च्या प्रसिद्ध शिलालेखाचा दगड याच जातीचा. अक्षरं ब्राह्मणाला आणि कारकुनाला कळतात. गाढव सगळ्यांना कळतं, म्हणून ते कोरायचं.

तेवढ्यात खरीखुरी गाढवंही समोरून येतात. पाठीवर गोणी, गोण्यांत दगडाच्या कपच्या. देऊळ उभं राहतंय ते यांच्या आणि बैलांच्या जिवावर. पण पुढे भिंतींवर जे प्राणी दिसतील त्यांत या गाढवांना जागा नाही. देवळावर कुणी चढायचं आणि कुणी बांधावर शिवी म्हणून उभं राहायचं, हे आधीच ठरलेलं आहे.

हत्तीचा डोळा

शंकराचं हे देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. दाराशी नंदी बसले आहेत. मंडपाला तीन बाजूंनी तीन दारं आहेत, आणि गाभाऱ्यात जायचं तर वर चढायचं नाही, वीसेक पायऱ्या खाली उतरायचं. काम बरंच पुढे गेलंय. मम्मुणी (ताम्रपटांच्या भाषेत मुम्मुणि) हा शिलाहार राजा ठाण्याहून, म्हणजे श्रीस्थानकाहून, कारभार पाहतो. कामाला सुरुवात त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या वेळी झाली. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. मधल्या पट्ट्यांवर जाळीची नक्षी आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा. माळव्यातल्या देवळांशी नातं सांगणारी ही रीत. चुन्याचा पत्ता नाही. दगडावर दगड नुसता बसवलाय, वजनावर आणि खाचेवर.

तुम्ही मान वर करून शिखराकडे बघत राहाल. सगळेच तसं करतात. पण आता खाली बसा. जोत्याशी एक म्हातारा पाथरवट मांडी घालून कामाला बसलाय, त्याच्या शेजारी बसा.

तो हत्ती कोरतोय. जोत्याच्या थरांत हत्तींचा एक अखंड पट्टा असतो, त्याला गजथर म्हणतात. त्याच्यावर माणसांचा नरथर. मग भिंतीवर देव. साऱ्या इमारतीचा भार हत्तींनी पेलायचा, असा त्यामागचा विचार. आजोबांच्या वाट्याला या ओळीतला एक हत्ती आलाय. गेरूच्या दोन रेघा ओढल्यात, बाकी सगळं डोक्यात आहे.

दगड काळा बेसॉल्ट आहे, हट्टी. संगमरवरासारखा तो लोण्यागत सुटत नाही, ठोक चुकला की कपची उडते. दर थोड्या वेळाने टाकी बोथट होते. म्हातारा ती नातवाच्या हातात देतो. पोरगं ती लोहाराच्या भात्याशी नेतं, तिथे ती लाल करून ठोकतात, पाणी देतात आणि परत पाठवतात. हातात एक टाकी असली तर आणखी तीन टाक्यांना धार लावणं चालू असतं.

आता नीट बघा. हत्तीच्या गंडस्थळाखाली, डोळा यायचा तिथून जरा मागे, दगडात एक भोक आहे. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचा तो बुडबुडा. सह्याद्रीच्या दगडात असे बुडबुडे जागोजाग. म्हातारा थांबतो. बोट लावून बघतो. मग गेरूची रेघ पुसून डोळा तिथेच, त्या भोकावर, सरकवतो. भोवती पापणीची कड, खाली दोन सुरकुत्या. पाच-सहा ठोक्यांत ते भोक बघायला लागतं.

सूत्रधार, म्हणजे कामाचा मुख्य कारागीर, मागून येतो. त्याच्या हातात ओळंबा आणि काखेत मापाची दोरी. "डोळा मागे गेलाय," तो म्हणतो.

"दगडाचा होता तिथे काढला," म्हातारा म्हणतो. "आणि म्हाताऱ्या हत्तिणीचा डोळा आत गेलेलाच असतो. कल्याणच्या तळावर जाऊन बघून ये."

सूत्रधार काही बोलत नाही, पुढे जातो.

म्हाताऱ्याने हत्ती पाहिलेत, आणि ते त्याच्या हाताला माहीत आहेत. कोकणाला हत्ती परके नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्रात देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी लावली आहे. कलिंग-अंगाचे श्रेष्ठ, सौराष्ट्राचे कनिष्ठ, आणि अपरांताचे, म्हणजे आपल्या या उत्तर कोकणचे, मध्यम. मध्यम का असेना, ते होते. राजाच्या फौजेत ते आहेत, मिरवणुकीत आहेत, नदीवर अंघोळीला येतात. म्हणून या पट्ट्यातला हत्ती सोंड कशी वळवतो, पाय टाकताना खांदा कुठे दबतो, हे शास्त्राला विचारावं लागत नाही.

न पाहिलेले प्राणी

उठा, भिंतीच्या कडेने चला. नातू, म्हणजे टाकी नेणारं पोर, फुरसतीत एका पडून राहिलेल्या दगडावर हात साफ करतंय. सिंह काढतंय. देवीचं वाहन.

"सिंह कुठे पाहिलास?" तुम्ही विचारा.

"आज्याने दाखवला."

"आणि आज्याने कुठे पाहिला?"

"दुसऱ्या देवळावर."

एवढंच. या रानात सिंह नाही. तो दूर सौराष्ट्रात आणि उत्तरेच्या मैदानांत. पोराचा सिंह हा सिंहावरून काढलेला सिंह नाही, दगडावरून काढलेला आहे. म्हणून आयाळ म्हणजे कुरळ्या बटांच्या ओळी, एकीसारखी दुसरी. डोळे बटबटीत, जबडा चौकोनी, कंबर नाहीशी झालेली. चुकलंय असं म्हणता येणार नाही, कारण चूक ठरवायला इथे कुणाकडे खरा सिंह नाही. परंपरेने दिलेला सिंह हाच इथला सिंह.

एकदा ही किल्ली हाती आली की सगळं देऊळ दोन रांगांत वाटून बघता येतं. एका रांगेत पाहिलेले: हत्ती, बैल, रेडा, रानडुक्कर. दारचा नंदी बघा. त्याच्या गळ्याची पोळी जशी लोंबते तशी ती रोज गोठ्यात लोंबते. दुसऱ्या रांगेत ऐकलेले. ब्रह्मदेवाचा हंस आहे, पण हिमालयापलीकडचा हंस इथे कुणाच्या तळ्यात उतरत नाही. मकर आहे. कोकणच्या नद्यांतली मगर यांना ठाऊक आहे, पण तिला हत्तीची सोंड आणि शेपटीला फुलोरा दिला की ती मगर उरत नाही. आणि कीर्तिमुख आहे, ते तर पृथ्वीवर कुठेच नाही.

कीर्तिमुखापाशी जरा थांबा. डोळे खोबणीबाहेर आलेले, वरचा जबडा मोठा, खालचा नाहीच. स्कंदपुराणातली कथा अशी: जालंधराचा निरोप घेऊन राहू आला, तेव्हा शंकराच्या क्रोधातून एक भुकेलं भूत निर्माण झालं आणि राहूवर धावलं. राहू शरण आला. भुताने विचारलं, आता मी खाऊ काय? स्वतःलाच खा, असं उत्तर मिळालं. त्याने ते खरं केलं. शेपटीपासून सुरुवात करून तोंड तेवढं उरलं, आणि त्या तोंडाला शंकराने दारावरची जागा दिली. इथे तोच चेहरा पट्ट्यापट्ट्यांतून फिरतोय. हे कोरताना पाथरवटाला ना निसर्गाचं बंधन, ना कुणी हटकणार. म्हणून दोन कीर्तिमुखं शेजारी ठेवा, मिशा वेगळ्या निघतील.

आणखी एक प्राणी आहे, तो राजाचा. शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात. गरुडाच्या तोंडी जाणाऱ्या नागाच्या जागी आपलं शरीर देणारा तो विद्याधर. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड, ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड. ज्या पक्ष्याने पूर्वजाला जवळजवळ खाल्लं, तोच घराण्याचं चिन्ह झाला.

रात्री जो येतो

अंधार पडल्यावर टाक्या थांबतात. झोपड्यांभोवती जाळ पेटतो. बैल आत ओढून घेतात. कुणी तरी डफावर थाप मारत राहतो, मनोरंजनासाठी नाही. बदलापूरच्या बाजूच्या रानातून एक खोल, खर्जातला आवाज येतो आणि गप्पा बंद होतात.

वाघ.

दिवसभर तुम्ही त्याला शोधलं असतंत तर भिंतीवर तो सापडला नसता. देवळाच्या शास्त्रात वाघ येतो तो शंकराच्या कमरेचं कातडं म्हणून. जो सिंह कुणी पाहिला नाही त्याला देवीखाली मानाची जागा, आणि ज्याच्या भीतीने जाळ पेटतो त्याची फक्त चामडी. हे अज्ञानातून झालेलं नाही. देऊळ ज्या ग्रंथांवर उभं राहतं ते ग्रंथ या रानात लिहिलेले नाहीत. गजथर चालतो, कारण योगायोगाने ग्रंथातला हत्ती इथेही आहे. वाघाच्या बाबतीत तो योग आला नाही.

वाघाला जागा मिळाली ती देवळाबाहेर. ठाणे, पालघर, रायगडच्या रानपट्ट्यांत वारली, महादेव कोळी, ठाकर आजही वाघोबा पूजतात. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर. शिल्पशास्त्राचं माप त्याला लागू नाही. कुणी तो मांजरासारखा काढतं, कुणी कुत्र्यासारखा. पण मनात कुठला वाघ आहे याबद्दल कोरणाऱ्याला कधी शंका नसते.

तीनशे वर्षं मागे, समुद्रापलीकडे

रानातला प्राणी थेट कलेत आला ते बघायला इथे एक मोठी उडी घ्या. आठवं शतक, युकातानचं जंगल, माया लोकांचा मुलूख. एक कुंभार कोकोच्या पेयासाठी उंच पेला घडवतोय. चाक नाही. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून त्याने पेला उभा केला, माती कातड्याइतकी घट्ट झाल्यावर आता तो धारदार हत्याराने पार्श्वभूमी खरवडून आकृती उठवतोय. भट्टी नंतर.

तो जग्वार कोरतोय. अंगावरचे ठिपके, पंजा, उघडा जबडा. याच जंगलात रात्री जो गुरगुरतो तोच. मायांचा राजा जग्वारच्या कातड्यावर बसतो, जग्वार नावात घेतो, पेल्यावरही मिरवतो. त्यांच्या भांड्यांवर हरीण आहे, वटवाघूळ आहे, हमिंगबर्ड आहे, आणि हातात लेखणी धरलेलं माकड आहे, कारण माकड हे लेखक-चित्रकारांचं दैवत. अर्धा एक प्राणी आणि अर्धा दुसरा, अशी आत्मरूपंही आहेत. आपला मकर आणि कीर्तिमुख त्यांच्यात सहज खपले असते. पण त्यांच्या दंतकथेची वीट त्यांच्याच रानातल्या मातीची. आपल्याकडे कथा दुरून आली आणि रान दाराशीच राहिलं, म्हणून एकाच भिंतीवर दोन प्रकारचे प्राणी जमले.

आणखी एक फरक पेल्याच्या काठाशी आहे. तिथे चित्रलिपीची पट्टी असते. भांडं कुणाचं, आत कुठलं पेय, आणि कधी कधी ते कुणी रंगवलं किंवा कोरलं, हेही त्यात लिहितात.

नऊ आणि सात

परत या, शके ९८२ मध्येच. उत्तरेच्या दाराच्या आतल्या बाजूला तुळईवर एक लेखक अक्षरं कोरतोय. महामंडलेश्वर मम्मुणी, त्याचे मंत्री-अधिकारी, छित्तराजाचं भवन, आणि शक. म्हाताऱ्या पाथरवटाचं नाव त्या ओळींत येत नाही. त्याच्या नातवाचंही नाही. त्यांची सही म्हणायची तर ती जोत्यावर आहे, हत्तीच्या मागे सरकलेल्या डोळ्यात.

लेखकाच्या हातचा पहिला आकडा नीट बघून ठेवा, पुढे त्यावर वाद होणार आहे. आठशे वर्षांनी डॉ. भाऊ दाजी लाड तो सात वाचतील आणि देऊळ दोनशे वर्षांनी जुनं ठरेल. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी तो नऊ असल्याचं दाखवतील. तोवर १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेलेली असेल. १८६८ मध्ये मुंबईच्या कला शाळेतले टेरी आणि त्यांची मंडळी कागद, पेन्सिली आणि साचे काढायचं साहित्य घेऊन इथे उतरतील, आणि ही शिल्पं चित्रांत आणि साच्यांत उतरतील. शिखराचा माथा तेव्हाही जागेवर नाही. गाभारा वरून उघडा, ऊन सरळ पिंडीवर.

मग वेग वाढतो. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे उतरलेली सिंधी कुटुंबं, १९४९ मध्ये उल्हासनगर. अंबरनाथचे कारखाने. बदलापूरच्या रानात इमारती. जीन्स धुण्याच्या रंगांनी वालधुनी कधी निळी, कधी काळी. म्हशी गेल्या, गोटे दिसेनासे झाले. वाघ कधीच संपला; बदलापूरच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी मात्र अधूनमधून येते, आणि त्या रात्री लोक अजूनही पोरांना आत घेतात.

देऊळ आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि पूजाही चालू आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी रांग रस्त्यापर्यंत जाते. रांगेतले सगळे पुढे बघतात, दर्शन झाल्यावर वर बघतात, फोटो शिखराचा काढतात.

तेव्हा एक विनंती. अंबरनाथला पूर्वेला उतरा, रिक्षा करा किंवा दोनेक किलोमीटर चाला, शक्यतो साध्या वारी, सकाळच्या तिरप्या उन्हात. दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी एक प्रदक्षिणा वाकून घाला, नजर जोत्यावर ठेवून. हात लावू नका, कुंकू-तेल लावू नका. हजार वर्षांच्या पाण्या-वाऱ्याने कडा आधीच झिजल्या आहेत. प्रत्येक प्राण्याला एकच प्रश्न विचारा: तुला कोरणाऱ्याने तुला पाहिलं होतं का? उत्तर दगडात मिळतं, त्यासाठी संस्कृत यावं लागत नाही. सोबत मूल असेल तर आधी त्याला विचारा. ते तुमच्यापेक्षा लवकर ओळखतं.